श्वास की नाडी? हैदराबादच्या क्लोरोफॉर्म कमिशनची कथा

१८८९ च्या डिसेंबरात हैदराबादहून लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाकडे एक तार गेली. तारेत आधी आकडे होते. कुत्री, घोडे, माकडं, शेळ्या, मांजरं आणि ससे मिळून ४९० प्राणी वापरले. त्यांतल्या १२० जनावरांवर रक्तदाबाचं यंत्र लावून प्रयोग केले. सगळ्या आलेखांची छायाचित्रं काढून ठेवली. मग निकाल होता: क्लोरोफॉर्मचा धोका आहे तो गुदमरण्याचा किंवा मात्रा जास्त होण्याचा, हृदयाला त्याचा थेट धोका अजिबात नाही.

तार करणारे होते डॉ. थॉमस लॉडर ब्रंटन. लंडनच्या सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयातले हे डॉक्टर औषधशास्त्रातलं त्या काळातलं फार मोठं नाव. छातीत कळ येणाऱ्या रुग्णाला अमिल नायट्राइट हुंगवलं की आराम पडतो, हे त्यांनी १८६७ मध्ये दाखवून दिलं होतं. क्लोरोफॉर्म हृदय बंद पाडू शकतं असं त्यांचं जहाजावर चढतानाचं मत होतं. काही आठवड्यांत ते मत पार उलटलं होतं.

वरवर पाहता हा प्रयोगशाळेतला वाद वाटतो. पण त्याच्यावर अगदी साधी, रोजची एक गोष्ट ठरणार होती. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी, रुग्णाच्या डोक्याशी बसलेल्या माणसाने बघायचं कुठे? बोटं मनगटावर ठेवायची, की डोळे छातीवर? त्या वर्षी जगभरात हजारो लोकांना क्लोरोफॉर्म दिलं जात होतं, आणि त्यांतले काही टेबलावरच मरत होते. बरेचसे मोठ्या शस्त्रक्रियेतले नव्हते. कुणाचा दात काढायचा होता, कुणाचं गळू फोडायचं होतं. धडधाकट माणसं होती ती.

या प्रकारचा पहिला नोंदलेला मृत्यू हॅना ग्रीनरचा. इंग्लंडच्या उत्तरेला न्यूकॅसलजवळ विनलेटन नावाचं गाव आहे. हॅना तिथली पंधरा वर्षांची मुलगी, पायाच्या अंगठ्याचं नख काढून टाकायचं होतं. आधी दुसऱ्या पायाच्या नखासाठी तिला ईथर दिलं होतं आणि ते निभावलं होतं. २८ जानेवारी १८४८ ला ती खुर्चीत बसली तेव्हा घाबरलेली होती, हुंदके देत होती. डॉ. मेगिसन यांनी चमचाभर क्लोरोफॉर्म फडक्यावर ओतून तिच्या नाकाशी धरलं. तिने दोनदा श्वास घेतला, त्यांचा हात ओढून बाजूला केला. हात गुडघ्यावर ठेव, शांतपणे श्वास घे, असं तिला सांगितलं गेलं. अर्ध्या मिनिटात तिचे हात ताठरले. सहाय्यकाने नखाभोवती छेद घेतला. तिने पाय झटकला, आणि तेवढ्यात तिचे ओठ, चेहरा पांढराफटक पडला. तोंडावर पाणी मारलं, ब्रँडी पाजायचा प्रयत्न झाला, शीर कापून रक्त काढून पाहिलं. सगळं मिळून तीन मिनिटंही लागली नसावीत.

क्लोरोफॉर्म वापरात येऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये मॉर्टनने ईथरची भूल जाहीरपणे दाखवली. पुढच्या वर्षी, ४ नोव्हेंबर १८४७ च्या रात्री, एडिंबराचे प्रसूतितज्ज्ञ जेम्स यंग सिम्प्सन यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांसह जेवणाच्या टेबलाशी बसून क्लोरोफॉर्म हुंगून पाहिलं आणि तिघेही टेबलाखाली गेले. ईथरपेक्षा हे सोयीचं होतं. वास गोड, परिणाम झटपट, थोडंसंच लागायचं, दिव्याजवळ पेट घ्यायची भीती नाही. एक बाटली, एक रुमाल, बस्स.

हॅना कशाने गेली? सिम्प्सन म्हणाले, क्लोरोफॉर्मने नव्हे. बेशुद्ध मुलीच्या तोंडात पाणी आणि ब्रँडी ओतल्याने ती गुदमरली. लंडनच्या जॉन स्नो यांना हे पटलं नाही. कॉलऱ्याचं मूळ ब्रॉड स्ट्रीटच्या हातपंपाच्या पाण्यात शोधणारे ते हेच स्नो. त्यांचा रोजचा व्यवसाय मात्र भूल देण्याचा होता, आणि राणी व्हिक्टोरियाला १८५३ मध्ये बाळंतपणात क्लोरोफॉर्म त्यांनीच दिलं. चार हजारांहून अधिक रुग्णांना त्यांनी क्लोरोफॉर्म दिलं होतं. तरीही स्वतःच्या यशावर त्यांनी भिस्त ठेवली नाही. क्लोरोफॉर्मने दगावलेल्या माणसांचे पन्नास वृत्तांत त्यांनी एकेक करून तपासले: रुग्ण कोण, औषध किती, कसं दिलं, आधी काय थांबलं. हवेतलं क्लोरोफॉर्मचं प्रमाण फार झालं की हृदय एकदम लुळं पडतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. रुमालावर प्रमाण कळत नाही, म्हणून मोजून वाफ देणारं साधन हवं, हा त्यांचा आग्रह. १८५८ मध्ये ते गेले तेव्हा त्यांचं पुस्तक पुरं होत आलं होतं. मृत्यूनंतर ते छापलं गेलं. त्यांच्यामागून जोसेफ क्लोव्हर यांनी मोठ्या पिशवीत साडेचार टक्के वाफ भरून देण्याची युक्ती काढली. क्लोव्हरचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: एका हाताने रुग्णाच्या तोंडावर मुखवटा, दुसऱ्या हाताची बोटं नाडीवर.

एडिंबराला हे मान्य नव्हतं. तिथले नामांकित सर्जन जेम्स साइम आपल्या विद्यार्थ्यांना बजावायचे की नाडीकडे लक्ष देऊच नका, सगळं लक्ष श्वासावर ठेवा. जीभ मागे पडली की पुढे ओढा, घशाची घरघर ऐकू आली की थांबा. औषध सढळ हाताने द्या, पण श्वास सोडू नका. साइमचे जावई जोसेफ लिस्टर यांचंही हेच मत. स्कॉटलंडच्या शाळेत तयार झालेला डॉक्टर जगात जिथे गेला तिथे हा नियम घेऊन गेला.

एडवर्ड लॉरी हे असेच साइमचे शिष्य. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधून ते आधी लाहोरला आणि १८८५ मध्ये हैदराबादला आले, रेसिडेन्सी सर्जन म्हणून आणि तिथल्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख म्हणून. निजामाचं राज्य म्हणजे तेव्हा आजचा तेलंगण, कर्नाटकाचा काही भाग आणि आपला सगळा मराठवाडा. या मुलखातल्या दवाखान्यांना डॉक्टर पुरवण्याचं काम या शाळेचं. अफझलगंजच्या रुग्णालयात आणि रेसिडेन्सीच्या दवाखान्यात शस्त्रक्रियांची रीघ असे. मूतखडे, गाठी, हातपाय कापण्याच्या शस्त्रक्रिया, रोजचं काम.

या हवेत ईथर चालणं अवघडच होतं. ईथर ३५ अंशांच्या आतच उकळतं, म्हणजे हैदराबादच्या उन्हाळ्यात ते बाटलीतून फडक्यापर्यंत पोचेतोच उडून जायचं. क्लोरोफॉर्म उकळायला ६१ अंश लागतात. त्यामुळे हिंदुस्थानात भूल म्हणजे क्लोरोफॉर्मच. ते धोक्याचं ठरलं असतं तर इथल्या डॉक्टरांच्या हातात दुसरं काही उरतच नव्हतं. लॉरींच्या हट्टामागे गुरुभक्ती होती यात शंका नाही, पण ही अडचणही होती, आणि ती लंडनच्या टीकाकारांना कधी नीट दिसली नाही असं मला वाटतं.

लॉरींची पद्धत ठरलेली होती. रुग्णाला आडवं निजवायचं. गळ्याशी, छातीशी, पोटाशी काही आवळलेलं ठेवायचं नाही. शंकूच्या आकाराच्या टोपीत कापूस, त्यावर क्लोरोफॉर्म. टोपी नाकातोंडावर धरायची ती हवा खेळती राहील अशी. रुग्ण घाबरला, श्वास रोखून धरू लागला किंवा धडपडू लागला, तर टोपी दूर करायची आणि एक मोकळा श्वास घेऊ द्यायचा, कारण श्वास रोखल्यानंतर जो खोल हपका येतो त्यात औषध एकदम भसकन आत जातं. बुबुळाला बोट लावलं तरी पापणी मिटत नाही, इतकी भूल चढल्याशिवाय सर्जनने सुरी लावायची नाही. जबडा वर उचलून धरायचा. आणि क्लोरोफॉर्म देणाऱ्याने दुसरं कुठलंही काम करायचं नाही, शस्त्रक्रियेकडे बघायचंही नाही. विद्यार्थ्यांना हे पुन्हा पुन्हा करून दाखवलं जाई. हजारो रुग्णांना या रीतीने क्लोरोफॉर्म दिलं आणि कुणी हृदय बंद पडून गेलं नाही, असं लॉरी ठासून सांगत.

हे सिद्ध करायला त्यांनी १८८८ मध्ये निजाम सरकारच्या पाठिंब्याने एक कमिशन नेमलं. डॉ. पॅट्रिक हेहिर त्याचे अध्यक्ष. कुत्र्यांना क्लोरोफॉर्म देऊन मारायचं आणि श्वास आधी थांबतो की हृदय ते बघायचं, असा प्रयोग. प्रत्येक वेळी श्वास आधी थांबला. ‘लॅन्सेट’ने या निकालावर शंका घेतली. याआधी ग्लासगोच्या समितीने १८८० मध्ये याच्या उलट सांगितलं होतं: क्लोरोफॉर्मखाली रक्तदाब अचानक, काही कारण न दिसता कोसळतो, आणि हृदय श्वासाआधी थांबू शकतं. मग हैदराबादलाच वेगळं कसं दिसलं?

लॉरींनी उत्तर द्यायच्या ऐवजी आमंत्रण दिलं. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड मंजूर केले: ‘लॅन्सेट’ने आपल्या विश्वासातला माणूस पाठवावा, प्रयोग त्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा करू. आपलं म्हणणं न पटणाऱ्या माणसाचा प्रवासखर्च देऊन त्याला आपल्या टेबलाशी बोलावणं, हे वैद्यकाच्या इतिहासात फारसं घडत नाही. तो दिलदारपणा खरा होता आणि तो मनापासून मानावा असाच आहे. ‘लॅन्सेट’ने ब्रंटनना निवडलं. लॉरी अध्यक्ष, कलकत्त्याहून आलेले सर्जन-मेजर बॉमफर्ड आणि हैदराबादचे डॉ. रुस्तमजी हकीम हे सदस्य.

ऑक्टोबर १८८९ मध्ये काम सुरू झालं. जनावर टेबलावर बांधलेलं, मांडीची किंवा मानेची रोहिणी उघडून तिच्यात नळी, नळीचं दुसरं टोक रक्तदाब मोजणाऱ्या यंत्रात. त्या यंत्राची लेखणी फिरत्या ढोलावरच्या कागदावर नागमोडी रेघ ओढत राहते. प्रत्येक ठोक्याला एक छोटी लाट, प्रत्येक श्वासाला एक मोठी. टोपी नाकावर ठेवली की रेघ हळूहळू खाली उतरते, लाटा बारीक होतात. मग मोठ्या लाटा थांबतात, म्हणजे श्वास थांबला. छोट्या मात्र चालू, अजून काही वेळ. मग त्याही सपाट. हा चित्रपट त्यांनी शेकडो वेळा पाहिला. भरपूर हवेत दिलं, थोड्या हवेत दिलं; उपाशी जनावराला दिलं, पोट भरलेल्याला दिलं; इतर औषधं टोचून दिलं. टोपी वेळेत काढून छाती दाबून कृत्रिम श्वास दिला की बरीच जनावरं परत येत होती.

ब्रंटन येताना एक शंका घेऊन आले होते. इंग्लंडात माणसं मरतात ती बरेचदा अर्धवट भुलीत. दात उपटताना, किरकोळ काप घेताना. वेदनेच्या धक्क्याने हृदय थांबत असेल का? म्हणून मुद्दाम अर्धवट भुलीत जनावरांचे दात उपटले, आतड्यांना हात घातला, नसांना चेतवलं. हृदय थांबलं नाही. रेघ डळमळली आणि सावरली. हृदय मंदावणारी मोठी नस चेतवली तेव्हा ठोके कमी झाले, काही क्षण थांबलेही. पण कमिशनने त्याचा अर्थ असा लावला की ही निसर्गाची राखणच आहे, हृदय मंदावलं की मेंदूकडे जाणारं क्लोरोफॉर्मही कमी होतं.

इतकी जनावरं! वाचताना अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. त्या माणसांना ते कळत नव्हतं असं म्हणता येणार नाही. एवढं मोठं काम दोन महिन्यांत उरकायचं होतं आणि त्यांना वाटत होतं की या ४९० जिवांच्या बदल्यात पुढची हजारो माणसं वाचतील.

‘लॅन्सेट’ने १८९० मध्ये तपशीलवार अहवाल छापला. निष्कर्षांचा गाभा एवढाच: क्लोरोफॉर्म देणाऱ्याने श्वासावरच भिस्त ठेवावी, श्वास नीट चालू ठेवला तर भूल निर्धोक असते.

इंग्लंडातले भूलतज्ज्ञ गप्प बसले नाहीत. त्यांचं म्हणणं साधं होतं: आम्ही नाडीवर बोट ठेवून बसलो होतो, नाडी गेली तेव्हा रुग्ण श्वास घेत होता, हे आम्ही आमच्या बोटांनी अनुभवलंय. कुत्र्यांचं तुम्ही काय सांगता? केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोर यांनी १८९३ मध्ये एक कौशल्याचा प्रयोग छापला. एका जनावराच्या मेंदूला त्यांनी दुसऱ्या जनावराचं रक्त जोडलं. क्लोरोफॉर्म फक्त मेंदूला मिळालं तेव्हा रक्तदाब कोसळला नाही. फक्त धडाला मिळालं तेव्हा कोसळला. म्हणजे क्लोरोफॉर्म थेट हृदयालाच दुबळं करतं. हैदराबादच्या रेघांतही ते होतंच, ढोलावर रेघ उतरत होती ती त्यामुळेच. पण कमिशनला एकच प्रश्न विचारायचा होता, आधी काय थांबतं हा. बाकी रेघ त्यांनी बघूनही बघितली नाही.

लॉरी हटले नाहीत. पुढची दहा वर्षं ते लिहीत राहिले, वाद घालत राहिले. १९०१ मध्ये त्यांनी क्लोरोफॉर्मवर आपलं पाठ्यपुस्तक काढलं. इकडे डॉक्टर लिओनार्ड गथ्री यांनी १८९४ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आणली: क्लोरोफॉर्म घेतलेली काही मुलं शस्त्रक्रियेनंतर दोन-चार दिवसांनी, यकृत निकामी होऊन जात होती. त्याचा श्वास-नाडीच्या वादाशी संबंधच नव्हता, आणि म्हणूनच तिकडे बराच काळ कुणाचं लक्ष गेलं नाही. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनची एक समिती १९०१ पासून दहाएक वर्षं बसली. तिच्या कामातून ऑक्सफर्डच्या व्हर्नन हारकोर्ट यांचं वाफ मोजून देणारं साधन आलं, ज्यातून दोन टक्क्यांहून जास्त क्लोरोफॉर्म बाहेरच पडत नसे. स्नोंनी चाळीस वर्षांपूर्वी मागितलेलंच हे. तरीही मृत्यू थांबले नाहीत. दोन टक्क्यांच्या आत, अगदी हलक्या भुलीतही माणसं अचानक जात होती.

उत्तर निघालं ते १९११ मध्ये, आणि त्यासाठी हैदराबादला नसलेलं एक यंत्र लागलं. हॉलंडच्या आइंटहोव्हन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हृदयाच्या विजेचा आलेख काढणारं यंत्र बनवलं, आजच्या ईसीजीचं पहिलं रूप. लंडनमध्ये हृदयतज्ज्ञ थॉमस लुइस यांच्याकडे ते होतं. भूलतज्ज्ञ गुडमन लेव्ही त्यांच्याकडे आपली मांजरं घेऊन गेले. त्यांनी जे पाहिलं ते उलट होतं सगळ्यांच्याच अपेक्षेच्या: खोल भुलीत हृदय शांतपणे दुबळं होतं, पण हलक्या भुलीत ते चळतं. क्लोरोफॉर्मची थोडी वाफ हृदयाला हळवं करून ठेवते. अशा हृदयावर अ‍ॅड्रिनलिनचा थोडासा जरी मारा झाला, तर ठोक्यांची लय बिघडते आणि जवनिका, म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे, ठोका देण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. रक्त पुढे ढकललंच जात नाही. नाडी त्याच क्षणी गेलेली असते; छाती मात्र आणखी काही श्वास घेते.

अबर्डीनच्या जॉन मॅकविल्यम यांनी अशा थरथरीने माणसाला अचानक मृत्यू येत असावा असं छापलं ते १८८९ मध्येच. हैदराबादला कमिशन बसलं त्याच वर्षी. त्यांचा लेख तेव्हा फार कुणी मनावर घेतला नाही.

लेव्हींनी आणखी प्रयोग करून १९१३ पर्यंत हे पक्कं केलं. अ‍ॅड्रिनलिन टोचलं तर थरथर. जनावर भुलीतून अर्धवट जागं होत असताना पुन्हा वाफ दिली तर थरथर. ते धडपडत असताना दिलं तरी थरथर. आणि भीती वाटली की शरीर स्वतःचं अ‍ॅड्रिनलिन सोडतंच. आता विनलेटनची ती हुंदके देणारी मुलगी आठवावी. चमचाभर औषध, अर्धवट भूल, आणि नखाशी लागलेली सुरी. तिच्या जाण्याचं सर्वांत पटणारं कारण त्रेसष्ट वर्षांनी पुढे आलं. दात काढताना धडधाकट माणसं का जात होती आणि पोट फाडूनही लोक का वाचत होते, हेही त्यात आलं. मोठ्या शस्त्रक्रियेला भूल सावकाश, पुरती दिली जायची. दाताला घाईघाईत, अर्धवट, टोपी उचलत आणि परत ठेवत.

मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत खोल गोष्ट ही वाटते. लॉरींच्या हातून रुग्ण खरोखरच कमी दगावत असतील, तर ते त्यांच्या सिद्धान्तामुळे नव्हे. भूल पुरती चढेपर्यंत सुरी लावायची नाही, रुग्णाला घाबरू द्यायचं नाही, वाफ सलग आणि हवेत मिसळून द्यायची, एका माणसाने फक्त तेवढंच करायचं, या नियमांनी हृदयाची थरथरच टळत होती. पण त्यांनी जगाला सांगताना हे नियम मागे ठेवले आणि पुढे केलं ते ‘हृदयाला धोका नाही’ हे वाक्य. ते वाक्य मोठ्या नावाची मोहोर लागून दूरवर गेलं. ज्या डॉक्टरांकडे हैदराबादचा सराव नव्हता, शिकवलेला मदतनीस नव्हता, त्यांनी एवढंच घेतलं की नाडी बघायची गरज नाही. सराव न घेता नुसता निष्कर्ष घेतल्याने किती जण गेले याचा हिशेब कुणीही मांडू शकणार नाही.

त्याच वेळी श्वासाबद्दल हैदराबादने जे सांगितलं ते टिकलं. जबडा वर उचला, जीभ मागे पडू देऊ नका, श्वास थांबला की आधी कृत्रिम श्वास द्या. आज कुठल्याही रुग्णालयात भूलतज्ज्ञाचा पहिला हात रुग्णाच्या जबड्याशी जातो. क्लोरोफॉर्म गेलं, पण तो हात तिथेच आहे. आणि जॉन स्नोंची चाल, म्हणजे प्रत्येक मृत्यूची वेगळी कहाणी काढून तिच्यातलं समान काय ते शोधणं, हीच पुढे भूलशास्त्राची मुख्य वाट झाली. जनावरं ४९० असोत की हजार, ती सगळी एकाच पद्धतीने मारली तर एकाच प्रकारचा मृत्यू दिसणार. पन्नास माणसांच्या पन्नास वेगवेगळ्या मृत्यूंत जास्त माहिती होती, फक्त ती वाचायला वेळ लागला.

हैदराबादच्या शाळेत लॉरी आले त्याच वर्षी, १८८५ मध्ये, काही मुलींना प्रवेश मिळाला होता. त्यांत रूपाबाई फर्दुनजी या पारशी तरुणी होत्या. १८८९ मध्ये, म्हणजे दुसरं कमिशन बसलं त्याच वर्षी, त्यांनी तिथली हकीम ही पदवी घेतली. पुढे अफझलगंजच्या रुग्णालयात, रेसिडेन्सीच्या दवाखान्यात आणि व्हिक्टोरिया जनाना रुग्णालयात त्यांनी वर्षानुवर्षं क्लोरोफॉर्म दिलं. पडद्यातल्या बायकांना परक्या पुरुषाच्या हातून भूल घेण्याची वेळ आली नाही ती त्यांच्यामुळे. भूल देणं हेच ज्यांचं काम होतं अशा जगातल्या अगदी पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. कमिशनच्या अहवालांबद्दल बोलताना त्यांचं नाव क्वचितच निघतं. पण ‘हैदराबादची पद्धत’ म्हणून जी काही गोष्ट होती ती कागदावर नव्हती, अशा माणसांच्या हातात होती.

१९०९ मध्ये, नोकरीला वीस वर्षं झाल्यावर, रूपाबाई शिकायला परदेशी गेल्या. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये त्यांनी वैद्यकाचं शिक्षण घेतलं, आणि सिम्प्सन-साइमच्या एडिंबराला विद्यापीठात पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्राची पदविका घेतली. भूल देणाऱ्याला वायू कसे वागतात, वाफ कशी मोजायची, हे कळलं पाहिजे, म्हणून. त्यानंतर त्या हैदराबादला परतल्या, चादरघाटच्या रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या आणि १९२० मध्ये निवृत्त झाल्या. लॉरी १९१५ मध्ये वारले होते, ब्रंटन १९१६ मध्ये. लेव्हींचं क्लोरोफॉर्मवरचं पुस्तक १९२२ मध्ये आलं. भूल पुरती आणि सलग द्या, रुग्णाला घाबरू देऊ नका, अर्धवट भुलीत सुरी लावू नका, हा त्यातला सल्ला रूपाबाईंनी लॉरींच्या शाळेत तेहेतीस वर्षं आधीच गिरवलेला होता.